रॅलीला उतरती कळा लागली म्हणजे नेमकं काय झालं?

सोलापुरात रॅलीवर भांडणारी माणसं किती असतील? वडापच्या एका जीपमध्ये मावतील एवढी. पण भांडतात मन लावून. होटगी रोडच्या बाजूला एका गॅरेजच्या पत्र्याखाली, रविवारी दुपारनंतर हाताला काम नसलं की हा फड जमतो. गॅरेजवाले काका, बँकेत नोकरीला असलेले एक मधल्या वयाचे गृहस्थ, इंजिनिअरिंगची दोन-तीन पोरं आणि अधूनमधून मी. विषय ठरलेला: मोटार रॅली हा खेळ संपत चालला का? काका म्हणतात, तो 1986 लाच संपला. बँकवाले म्हणतात, 2008 ला. पोरं म्हणतात, आता कुठे रंगात येतोय. तिघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण ‘संपला’ म्हणताना प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर वेगळीच गोष्ट असते. ज्यांनी रॅली कधी पाहिलेली नाही त्यांनाही हे भांडण कळावं, म्हणून हा लेख.

पुणे जिल्ह्यातल्या घाटात बैलगाडा शर्यत ज्याने पाहिली आहे, त्याला रॅली निम्मी कळली. तिथे गाडे शेजारी-शेजारी पळत नाहीत. एक गाडा सुटतो, निशाणापर्यंत जातो, सेकंद टिपले जातात, मग दुसरा सुटतो. झुंज घड्याळाशी. रॅलीत घाटाच्या जागी रस्त्याचा तुकडा असतो. डांबरी, मातीचा, बर्फाचा, जसा देश तसा. रोजच्या वापरातला सार्वजनिक रस्ता काही तासांपुरता बंद करतात आणि त्या तुकड्याला स्टेज म्हणतात. एखादी स्टेज 5 किलोमीटरची, एखादी 30 ची. जागतिक अजिंक्यपदाच्या एका फेरीत तीन-चार दिवसांत अशा पंधरा-वीस स्टेज होतात, त्यांची बेरीज साधारण 300 ते 350 किलोमीटर. गाड्या काही मिनिटांच्या अंतराने एकेक करून सुटतात. सगळ्या स्टेजच्या वेळा मिळवून ज्याची बेरीज सर्वांत कमी, तो जिंकला.

एका स्टेजवरून दुसरीकडे जाताना याच गाड्या साध्या रहदारीतून जातात. नंबरप्लेट असते, लाल सिग्नलला थांबावं लागतं, वेगमर्यादा मोडली तर दंड होतो. मला स्वतःला हा भाग फार आवडतो. दहा मिनिटांपूर्वी झाडांमधून 180 च्या वेगाने गेलेला जगज्जेता आता एका ट्रॅक्टरच्या मागे मुकाट रांगेत उभा असतो.

गाडीत दोघं असतात. शेजारी बसलेला को-ड्रायव्हर वही वाचतो. स्पर्धेआधी दोघांना तो रस्ता साध्या गाडीतून, साध्या वेगाने दोनदा पाहायला मिळतो, आणि तेवढ्यात प्रत्येक वळणाची नोंद करायची असते. तुळजापूर घाटाची नोंद केली तर ती साधारण अशी ऐकू येईल: ‘डावं पाच, पुढे ऐंशी, चढावरून उजवं तीन, आत कापू नको, खडी.’ आकडा म्हणजे वळण किती आवळ आहे त्याचं माप. बऱ्याच जणांच्या पद्धतीत एक म्हणजे अगदी आवळ आणि सहा म्हणजे जवळपास सरळ. चढापलीकडचं ड्रायव्हरला दिसत नाही. वहीत ‘डावं पाच’ लिहिलंय म्हणून तो ॲक्सिलरेटर सोडत नाही. या भरवशावर सगळा खेळ उभा आहे, आणि त्यात आजही काही कमी झालेलं नाही. उलट ड्रायव्हिंगचा कस पाहिला तर आजची पिढी आधीच्या कुठल्याही पिढीपेक्षा उणी नाही. मग उतरती कळा कशाला लागली?

काकांचं म्हणणं आधी घेऊ, कारण ते सगळ्यांत मोठ्याने बोलतात.

1980 च्या दशकाच्या सुरुवातीला ऑडीने क्वाट्रो ही चारही चाकांना ताकद देणारी गाडी जागतिक रॅलीत उतरवली आणि जुनी गणितं मोडली. याच क्वाट्रोतून मिशेल मूटाँ या फ्रेंच ड्रायव्हरने 1981 ची सान रेमो रॅली जिंकली. जागतिक अजिंक्यपदाची फेरी जिंकणारी ती पहिली स्त्री, आणि आजपर्यंतची एकमेव. 1982 मध्ये ‘ग्रुप बी’ नावाची नवी नियमावली आली. तिच्यात कंपनीला फक्त 200 गाड्या बनवून दाखवायच्या होत्या, बाकी जवळपास मोकळं रान. पाहता पाहता गाड्यांची ताकद 450-500 हॉर्सपॉवरपर्यंत गेली आणि वजन मात्र साध्या छोट्या कारएवढं राहिलं. लान्सियाची डेल्टा एस4 ही तर टर्बोचार्जर आणि सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबून ताकद वाढवणारी दोन्ही यंत्रं, एकाच इंजिनाला जोडलेली गाडी. काकांनी यातली एकही प्रत्यक्ष पाहिलेली नाही, पण तिच्या इंजिनाची रचना ते एखाद्या गिऱ्हाइकाची गाडी उघडून ठेवल्यासारखी समजावून सांगतात.

त्या काळात प्रेक्षक रस्त्यावर उभे राहायचे. गाडी अंगावर आली की शेवटच्या क्षणी बाजूला व्हायचं, जमलं तर तिला हात लावायचा, यात मर्दुमकी वाटायची. मार्च 1986 मध्ये पोर्तुगालच्या रॅलीत एक फोर्ड गाडी ताबा सुटून गर्दीत घुसली. तिघांचा मृत्यू झाला, अनेक जण जखमी झाले आणि कंपन्यांच्या मुख्य ड्रायव्हरांनी ती रॅली अर्ध्यावर सोडली. त्यानंतर 2 मे 1986 ला कॉर्सिका बेटावर हेन्री तोइव्होनेन आणि त्याचा को-ड्रायव्हर सर्जियो क्रेस्टो यांची डेल्टा एस4 दरीत कोसळून पेटली. दोघंही वाचले नाहीत. 1987 पासून ग्रुप बी बंद. काकांच्या लेखी रॅली तिथेच संपली. ‘त्यानंतरचं सगळं पोरखेळ, बे!’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

मला काकांबद्दल आदर आहे, पण हे पटत नाही. ग्रुप बीची पाच वर्षं डोळे दिपवणारी होती यात शंका नाही. मात्र ज्या गोष्टीमुळे ती तशी वाटतात, तीच माणसं मारत होती. तो काळ परत यावा असं म्हणणाऱ्याने आपल्या घरातलं कोणी त्या वळणावर उभं आहे असं धरून पुन्हा बोलावं.

बँकवाल्यांचा मुद्दा जास्त टोकदार आहे, आणि माझ्या मते रॅलीचं खरं दुखणं तिथेच सापडतं. ग्रुप बीनंतर ‘ग्रुप ए’ आलं. आता अट अशी की जी गाडी रॅलीत उतरवायची, तिच्या सुरुवातीला 5,000 प्रती बनवल्या पाहिजेत. पुढे हा आकडा 2,500 वर आला. एवढ्या गाड्या बनवल्या म्हणजे विकाव्याही लागतात. म्हणून टर्बो इंजिन आणि चार चाकांना ताकद असलेल्या अस्सल रॅलीच्या गाड्या साध्या शोरूममध्ये आल्या: लान्सिया डेल्टा इंटिग्राले, सुबारू इम्प्रेझा, मित्सुबिशी लान्सर एव्होल्यूशन. लान्सियाने 1987 ते 1992 असे सलग सहा वेळा कंपन्यांचं अजिंक्यपद जिंकलं. 1995 ला इम्प्रेझातून कॉलिन मॅक्रे जगज्जेता झाला, 1996 ते 1999 चारही वर्षं लान्सर चालवणारा टॉमी मॅकिनेन.

याचा आपल्याशी काय संबंध? संबंध आहे. 1998 मध्ये हिंदुस्थान मोटर्सने भारतात मित्सुबिशी लान्सर विकायला सुरुवात केली. ती एव्होल्यूशन नव्हती, साधी सेडान होती. पण टीव्हीवर मॅकिनेन जी गाडी बर्फात उडवत होता, तिचंच नाव आणि तोच चेहरा असलेली गाडी सात रस्त्याच्या सिग्नलला उभी दिसायची. भारतीय रॅलीतही लान्सर आणि तिच्यानंतरची सेडिया वर्षानुवर्षं पळाल्या. बँकवाले तेव्हा कॉलेजात होते. रविवारी जिंकलेली गाडी सोमवारी विकली जाते, हे मोटारधंद्यातलं जुनं सूत्र त्यांनी डोळ्यांनी पाहिलं.

हे सूत्र हळूहळू तुटत गेलं. 1997 ला आलेल्या ‘वर्ल्ड रॅली कार’ नियमांनी कंपन्यांची सोय केली. आता टर्बो आणि चार चाकांची ताकद असलेली गाडी विकायला काढायची गरज नव्हती. साधी घरगुती हॅचबॅक घ्यायची आणि फक्त रॅलीपुरते तिच्यात बदल करायचे. परिणाम लगेच दिसला. 2000 साली फोर्ड, सुबारू, मित्सुबिशी, पूजो, सिआट, स्कोडा आणि ह्युंदाई अशा सात कंपन्या मैदानात होत्या. इतकी गर्दी पुन्हा झाली नाही. पण रॅलीतली गाडी आणि दुकानातली गाडी यांच्यातलं अंतर त्याच वर्षांत वाढायला लागलं. दुकानातली पूजो चालवणाऱ्याला चॅम्पियनच्या पूजोतलं जवळपास काहीच मिळत नव्हतं. पुढे 2022 ला सर्वांत वरच्या वर्गासाठी ‘रॅली1’ ही नवी नियमावली आली तेव्हा आतला सांगाडाच पोलादी नळ्यांचा झाला. ओळखीची गाडी बाहेरच्या कवचापुरती उरली. अपवाद आहेत. टोयोटाची जीआर यारिस ही रॅली डोक्यात ठेवून घडवलेली आणि खरोखर विकली जाणारी गाडी आहे, पण आपल्या बाजारात ती नाही.

जाहिरातीचा उपयोग कमी आणि खर्च जास्त झाला की कंपनीच्या संचालकांना काढता पाय घ्यायला निमित्त पुरतं. मित्सुबिशी 2005 नंतर गेली. 2008 च्या डिसेंबरात जग मंदीत सापडलं होतं, तेव्हा सुझुकी आणि सुबारू यांनी एकापाठोपाठ माघार जाहीर केली. त्या वर्षी सुझुकी एसएक्स4 घेऊन उतरली होती, आणि त्याच नावाची मारुतीची सेडान आपल्याकडे सर्रास दिसत होती. म्हणून बँकवाल्यांचं 2008. फोक्सवॅगनने 2013 ते 2016 सलग चार वर्षं सगळं जिंकलं आणि डिझेलच्या धुराचा घोटाळा अंगाशी आल्यावर गाशा गुंडाळला. सिट्रोएन 2019 नंतर गेली. आता सर्वांत वरच्या वर्गात टोयोटा, ह्युंदाई आणि फोर्डच्या गाड्या चालवणारा एम-स्पोर्ट हा ब्रिटिश संघ, एवढेच नियमित उरले आहेत. त्यातही 2021 ते 2025 सलग पाच वर्षं कंपन्यांचं अजिंक्यपद टोयोटाकडेच.

याच्या जोडीला एकाच माणसाने जिंकत राहण्याचा कंटाळा. सेबास्तियन लोएब 2004 ते 2012 सलग नऊ वेळा जगज्जेता. त्याच्यानंतर सेबास्तियन ओजिए 2013 ते 2018 सलग सहा वेळा, शिवाय 2020 आणि 2021. मध्ये 2019 ला एस्टोनियाचा ओट तॅनाक. म्हणजे 18 वर्षांत फक्त तीन जगज्जेते. ओजिएने 2025 ला काही फेऱ्यांना सुट्टी देऊनही नववा किताब घेतला. याकडे दोन्ही बाजूंनी बघता येतं. पोरं म्हणतात, बघा काय माणूस आहे. बँकवाले म्हणतात, सुट्ट्या घेऊन कोणी जगज्जेता होत असेल तर समोर आहे तरी कोण? 22 व्या वर्षी जगज्जेता झालेल्या काल्ले रोवानपेराने 2025 च्या हंगामानंतर रॅली सोडून सर्किटवरच्या शर्यतींकडे जायचा निर्णय जाहीर केला, तेव्हा या वादात आणखी तेल पडलं.

आता कळीचा प्रश्न. फॉर्म्युला वनला पैसा कमी पडत नाही, मग रॅलीलाच का?

सर्किट म्हणजे कुंपण घातलेली जागा. तिकीट लावता येतं, खुर्ची विकता येते, जाहिरातीचा फलक प्रत्येक फेरीत कॅमेऱ्यात येतो, आणि वीस-बावीस गाड्या एकमेकांना ओलांडताना दोन तासांत निकाल लागतो. रॅलीत प्रेक्षक पहाटे उठून डोंगरात जातो, तासन् तास उभा राहतो, गाडी डोळ्यांसमोरून तीन-चार सेकंदांत निघून जाते, मग दोन-तीन मिनिटं धूळ. पुढे कोण आहे हे कळायला मोबाईल बघावा लागतो, आणि त्या डोंगरात रेंज नसते. हेलिकॉप्टर, ड्रोन, गाडीतला कॅमेरा हे सगळं लावून 2018 पासून प्रत्येक स्टेज थेट दाखवायला सुरुवात झाली, पण तीन दिवस पडद्यासमोर बसायला सवड कोणाला? आमच्यातली पोरंसुद्धा क्लिप बघतात. शेवटच्या स्टेजला जादा गुण देणारी ‘पॉवर स्टेज’ 2011 ला आणली ती यासाठीच, की निदान शेवटचा अर्धा तास तरी लोकांनी एकत्र बघावा. रविवारच्या कामगिरीला वेगळे गुण देण्याचा प्रयोगही झाला. गुणांची पद्धत इतकी किचकट झाली की ती समजावून सांगताना काका चिडून पाना आपटतात.

थोडक्यात, या खेळात एका प्रेक्षकामागे होणारा खर्च प्रचंड आणि त्याच्याकडून मिळणारा पैसा किरकोळ. ही तूट कायम कंपन्यांच्या जाहिरात खात्याने भरून काढली, आणि हल्ली ते खातं हात आखडतंय. ड्रायव्हर, गाड्यांचा आवाज, जुना काळ यांवरच्या भांडणांच्या तळाशी माझ्या मते हा हिशेब आहे.

त्यावर उपाय म्हणून 2022 ला हायब्रिड आणलं. कंपन्यांना बॅटरीवरच्या गाड्या विकायच्या आहेत, मग रॅलीतही बॅटरी हवी, असा विचार. गाडीला 100 किलोवॉटची विजेची मोटर जोडली, पूर्णपणे शाश्वत इंधन आणलं. इंधन चांगलं चाललं. हायब्रिडने वजन वाढवलं, खर्च वाढवला, बिघाड वाढवले आणि नवी कंपनी एकही आली नाही. 2025 पासून ते काढून टाकलं. पूर्ण विजेवरच्या रॅलीचं स्वप्न काही जण बघतात. जंगलातल्या स्टेजच्या तोंडाशी चार्जिंग कुठून आणणार, हा प्रश्न आहेच. दुसरा प्रश्न आवाजाचा. वळणामागून येणारी गाडी प्रेक्षकाला आणि रस्त्यावर सुरक्षा सांभाळणाऱ्या मार्शलला दिसायच्या आधी ऐकू येते, आणि त्यामुळे माणसं मागे सरकतात. मुकी गाडी तिथे धोक्याची.

पोरांना आशा आहे ती 2027 च्या नियमांकडून. आजच्या रॅली1 गाडीची किंमत 10 लाख युरोच्या घरात सांगितली जाते, म्हणजे ढोबळमानाने दहा कोटी रुपये. नव्या नियमांत गाडीला 3,45,000 युरोंची मर्यादा घातली आहे. ताकद सुमारे 300 हॉर्सपॉवर. आत सुरक्षित सांगाडा, त्याच्यावर हॅचबॅक, सेडान, एसयूव्ही हवं ते रूप. इंजिनापासून सस्पेन्शनपर्यंतचे भाग आजच्या दुसऱ्या फळीतल्या ‘रॅली2’ गाड्यांच्या जातीचे, आणि त्या रॅली2 गाड्यांनाही याच गटात झुंजता येईल. मोठ्या कंपन्यांशिवाय खासगी बांधणाऱ्यांनाही गाडी बनवायची मुभा.

काका नाक मुरडतात: तीनशे हॉर्सपॉवर म्हणजे काय रॅली? पण रॅली2 चा बाजार बघा. स्कोडा, टोयोटा, ह्युंदाई, सिट्रोएन, फोर्ड या सगळ्यांच्या गाड्या तिथे आहेत, आणि त्या खासगी स्पर्धकांना विकून कंपनीचा काही खर्च निघतो. 2026 साठी लान्सियासुद्धा रॅली2 गाडी घेऊन परतली. काकांची लाडकी लान्सिया ज्या वर्गाला ते पोरखेळ म्हणतात त्याच वर्गात आली, यावरून गॅरेजात बराच हशा झाला. मला वाटतं पोरांचं म्हणणं इथे खरं ठरेल. वरचं शिखर थोडं बुटकं झालं तर चालेल, चढणारे वाढले पाहिजेत. मात्र नुसत्या स्वस्ताईने जाहिरातीचा प्रश्न सुटत नाही, हे बँकवाल्यांचं म्हणणंही खोडता येत नाही.

आणि आपण कुठे? जागतिक अजिंक्यपदाची फेरी भारतात कधी झाली नाही. पण आपण अगदी कोरडेही नाही. 1980 च्या दशकात हिमालयन रॅलीला परदेशी ड्रायव्हर यायचे. केनियाच्या सफारी रॅलीत भारतीय वंशाच्या दोघांनी नाव गाजवलं: जोगिंदर सिंग यांनी ती तीनदा जिंकली, शेखर मेहता यांनी पाचदा, त्यातही 1979 ते 1982 सलग चार वेळा. गौरव गिल 2013, 2016 आणि 2017 ला आशिया-पॅसिफिक विजेता झाला आणि 2019 ला त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. चेन्नईच्या एमआरएफच्या टायरवर आणि त्यांच्याच संघातून एफ्रेन यारेना या स्पॅनिश ड्रायव्हरने 2022 चं युरोपीय अजिंक्यपद जिंकलं. महाराष्ट्रात नाशिकला राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या फेऱ्या झाल्या आहेत.

मग सोलापूरला का नको, हा पोरांचा प्रश्न. माळरान आहे, कच्चे रस्ते आहेत. पण रस्ता बंद करणं म्हणजे नुसता दोर बांधणं नव्हे. जिल्हा प्रशासन, पोलीस, वाटेतली प्रत्येक ग्रामपंचायत, प्रत्येक वस्तीचा बांध, प्रत्येक पायवाट. 2019 मध्ये राजस्थानात राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या फेरीत बंद केलेल्या रस्त्यावर एक मोटारसायकल आली आणि स्पर्धेतल्या गाडीशी टक्कर होऊन एकाच कुटुंबातले तिघं गेले. ऊसतोडीच्या हंगामात आपल्याकडे कुठल्या फाट्यावरून ट्रॅक्टर-ट्रॉली बाहेर पडेल याचा नेम नाही, आणि पावसात काळ्या मातीत गाडी सोडाच, चप्पल रुतते.

त्यापेक्षा ‘टीएसडी’ जमण्यासारखी आहे. टाइम, स्पीड, डिस्टन्स. रस्ता बंद करावा लागत नाही, घरची गाडी चालते, वेगाची शर्यतच नसते. आयोजक ठराविक सरासरी वेग देतात, तो वेग कायद्याच्या आतला असतो, आणि लपवलेल्या नाक्यांवर तुम्ही ठरल्या सेकंदाला पोहोचलात का ते बघतात. उशिरा आलात तरी दंडगुण, लवकर आलात तरी दंडगुण. सरासरी 36 दिली असेल तर मिनिटाला 600 मीटर, सेकंदाला 10. वाटेत म्हशींचा कळप आडवा आला तर गेलेले चाळीस सेकंद पुढे किती किलोमीटरमध्ये, कितीने वेग वाढवून भरून काढायचे, हे शेजारच्याने तोंडी करायचं. काकांनी हे ऐकून ‘ही कसली रॅली, ही तर गणिताची परीक्षा’ असं म्हटलं. बँकवाल्यांनी मात्र तेव्हाच को-ड्रायव्हरची जागा सांगून ठेवली आहे.